वाचकांचे प्रश्न : तारे फुकट, बाकीचं किलोवर

दिवाळीच्या आसपास आभाळ निवळलं की आकाशदर्शनाचे बेत सुरू होतात. त्या निमित्ताने वाचकांना आम्ही एकच विषय दिला होता: खगोलशास्त्राचा आणि आकाशदर्शनाच्या छंदाचा पर्यावरणावर भार किती, आणि तो हलका कसा करायचा. आलेल्या पत्रांतली सात इथे घेतली आहेत. हिशेब करताना विजेच्या एका युनिटला ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला आहे. देशाच्या ग्रिडची सरासरी साधारण तेवढी येते, आणि गोव्याची वीज बहुतेक बाहेरूनच येत असल्याने हा दर इथे चालतो. पेट्रोलला लिटरमागे २.३ किलो, डिझेलला २.७.

प्रश्न : एका खगोलशास्त्रज्ञामागे वर्षाला छत्तीस टन कार्बन, असं वाचलं. दुर्बिणीतून बघायला एवढा कार्बन लागतो? की आकडा फुगवलाय? (विद्यार्थी, म्हापसा)

फुगवलेला नाही. पण तो दुर्बिणीला डोळा लावण्याचा आकडा नाही. फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त तो मांडला. पन्नासेक अवकाश मोहिमा आणि चाळीसेक जमिनीवरच्या वेधशाळा घेऊन त्यांनी बांधणी, प्रक्षेपण आणि चालवणं या सगळ्याचा अंदाज केला आणि तो जगभरच्या वेधसाधनांना लावला. उत्तर आलं वर्षाला १२ लाख टन. ते जगातल्या खगोलशास्त्रज्ञांत वाटलं की माणशी ३६.६ टन. यात १४ टन इकडेतिकडे होऊ शकतात हेही त्यांनीच लिहून ठेवलंय, कारण मोहिमेचा खर्च आणि यानाचं वजन यांवरून बांधलेला हा आडाखा आहे, मीटर लावून घेतलेली नोंद नव्हे.

मीटरच्या जवळ जाणारे हिशेब संस्थांनी स्वतःचे केले आहेत. हायडेलबर्गच्या माक्स प्लांक खगोलशास्त्र संस्थेने २०१८ सालचा काढला तेव्हा संशोधकामागे सुमारे १८ टन निघाले आणि त्यातले जवळजवळ निम्मे विमानप्रवासाचे. ऑस्ट्रेलियात मात्र पहिला नंबर महासंगणकांच्या विजेचा लागला, कारण तिथली वीज प्रामुख्याने कोळशाची. संमेलनांचं उदाहरण तर डोळ्यांत भरण्यासारखं आहे. युरोपियन खगोलसंस्थेचं २०१९ चं अधिवेशन फ्रान्समध्ये ल्यों शहरात भरलं, त्याचा कार्बन १,८५५ टन. पुढच्या वर्षी महामारीमुळे तेच ऑनलाइन झालं आणि आकडा एका टनाच्याही खाली आला. माणसं मात्र आदल्या वर्षीपेक्षा जास्त होती.

वेधशाळेवर सौर पॅनेल लावले की प्रश्न सुटला, असं समजू नका. चिलीतल्या ला सिया वेधशाळेत २०१६ पासून सौर वीज आहे आणि ते चांगलंच आहे, पण काँक्रीट, पोलाद आणि रॉकेट यांचा कार्बन पॅनेल लावून परत येत नाही. म्हणून नव्या बांधकामाचा वेग कमी करा आणि आहे त्या विदेतून (डेटातून) जास्त काम काढा, असं तुलूझच्या मंडळींनीच सुचवलं. मोठ्या प्रकल्पांमागे धावणाऱ्यांना ते रुचलं नाही. आम्हाला पटतं.

बांधायचंच तर कमी सामानात कसं बांधावं, हे बघायला लांब जायला नको. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी दोरांवर ताणून बसवलेली आहे. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना एक-दोन सेंटिमीटरची भोकं दिसतच नाहीत, त्यांच्या लेखी तो सलग आरसाच. वारा मात्र भोकांतून निघून जातो. वाऱ्याचा दाब कमी म्हणून सांगाडा हलका, आणि सांगाडा हलका म्हणून त्याला फिरवणारी मोटर लहान. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी हा आराखडा केला तो पैसे वाचवण्यासाठी. कार्बन त्याच्यासोबत आपसूक वाचला.

प्रश्न : आमचं मंडळ हिवाळ्यात दोन-तीनदा नेत्रावळीच्या बाजूला आकाशदर्शनाला जातं. चाळीसेक माणसं, चार दुर्बिणी. यंदा ‘हरित’ सहल करायची आहे. कागदी कप आणि केळीची पानं ठरली. आणखी काय करावं? (आयोजक, पणजी)

कपांचं नंतर बघू. आधी गाड्या मोजा.

पणजीहून जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर धरले, चाळीस माणसं दहा मोटारींतून गेली आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असली, तर प्रत्येक गाडी १० लिटर पेट्रोल जाळते. दहा गाड्यांचे मिळून २३० किलो. तीच माणसं एका बसमधून नेली तर लिटरला ८ किलोमीटरच्या हिशेबाने १९ लिटर डिझेल लागेल, म्हणजे ५० किलो. या एका बदलापुढे बाकी सगळं किरकोळ आहे. शिवाय जो तो आपल्या वेळेला हेडलाइट पेटवून निघतो आणि वीस मिनिटं लावून अंधाराला सरावलेले चाळीस जणांचे डोळे एका क्षणात कामातून जातात, ती कटकटही टळते. बस ठरवताना चालकाशी दोन गोष्टी आधीच बोला: इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही, आणि आतला दिवा लावायचा नाही.

दुसरा मुद्दा जनरेटरचा. मंडळं तो आणतात दुर्बिणींसाठी आणि त्यावर चालतात चहाची किटली आणि माइक. लहान पेट्रोल जनरेटर तासाला अर्धा लिटर पितो असं धरलं तरी सहा तासांत तीन लिटर, म्हणजे ७ किलो. वर त्याच्या गरम धुरामुळे ताऱ्यांची चित्रं हलतात. दुर्बिणींची गरज बघा: डॉब्सोनियनला (साध्या बैठकीवर हाताने फिरवायच्या आरशाच्या दुर्बिणीला) वीज लागतच नाही. मोटर असलेल्या माउंटला (दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या बैठकीला) साधारण १ ॲम्पियर, दवाच्या हीटरला १ ॲम्पियर, एकूण २. सहा तासांचे १२ ॲम्पियर-अवर. त्याला १२.८ व्होल्टची २० ॲम्पियर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते, तिच्यातले ८० टक्के निर्धास्त वापरता येतात. ती घरी भरायला पाव ते ०.३ युनिट लागतं, कार्बन दोनशे ग्रॅम. तेवढ्याच कामाला लेड-ॲसिड घेतली तर २६ ॲम्पियर-अवरची लागेल, कारण ती निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. वजनही तिप्पट.

बॅटऱ्या बिघडतात त्या बहुतेक आपल्याच हातून. लेड-ॲसिड मार्चच्या शेवटच्या सहलीनंतर रिकामी ठेवली की चवथीपर्यंत तिच्या पट्ट्यांवर सल्फेट बसतं आणि ती उठत नाही. ती भरून ठेवायची आणि महिन्याला एकदा चार्जरला लावायची. लिथियमचं उलट: अर्धी भरलेली ठेवायची आणि तिला लेड-ॲसिडचा जुना चार्जर लावायचा नाही. बॅटरीच्या धन टोकापाशीच १० ॲम्पियरचा फ्यूज हवा. तार बारीक आणि पाच मीटर लांब असली की वाटेत व्होल्टेज पडतं, माउंट मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतं, आणि लोक बॅटरीला दोष देऊन नवी विकत घेतात. आधी तार बदला.

दवाचं म्हणाल तर हीटरच्या आधी नळी लावा. नेत्रावळीसारख्या खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री दहालाच भिंगं ओली होतात. काळ्या फोमच्या योगा-मॅटची पट्टी कापून दुर्बिणीच्या तोंडाला गुंडाळायची. पुढे आलेली लांबी भिंगाच्या व्यासाच्या दीडपट. खुल्या आभाळाकडे भिंगाची उष्णता जाते ती यामुळे बरीच अडते. एवढं करून दव आलंच तर हीटर, तोही अर्ध्या जोरावर.

आता कप. स्टीलचे पेले घरून आणायला सांगा. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो.

प्रश्न : कांदोळीत समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर घर आहे. पहिल्या दुर्बिणीच्या भिंगांना तीन पावसाळ्यांत बुरशी आली, आता आठ इंची आरशाच्या दुर्बिणीवरही ठिपके दिसतात. नवी घ्यावी का? (वाचक, कांदोळी)

नवी घेऊ नका. छंदातल्या दुर्बिणीचा बहुतेक सगळा कार्बन ती बनताना आणि बोटीतून येताना खर्च झालेला असतो. ती वीस वर्षं टिकवणं हीच मोठी बचत.

आधी आरसा. काच म्हातारी होत नाही. तिच्यावरचा ॲल्युमिनियमचा थर फक्त एक दशांश मायक्रॉनचा असतो आणि खाऱ्या हवेने तोच खाल्ला जातो. अंधाऱ्या खोलीत आरशामागे टॉर्च धरा. सुईच्या टोकाएवढे चार-पाच ठिपके चमकले तर काही बिघडत नाही, प्रतिमेत फरक कळणारही नाही. चाळणीसारखा उजेड आला तर पुन्हा मुलामा करून घ्या. त्याच काचेवर हे कितीही वेळा करता येतं. मात्र धुळीला घाबरून आरसा पुसू नका. मिठाचे कण कापडाखाली आले की ते पॉलिश पेपरचं काम करतात. धुवायचाच तर नळाच्या पाण्याची संथ धार, थेंबभर साबण घातलेल्या पाण्यात कापूस स्वतःच्या वजनाने ओढत नेणं, शेवटी डिस्टिल्ड पाणी आणि आरसा कडेवर उभा करून वाळवणं. वर्षातून एकदा पुरे.

बुरशी धरते ती सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की. जून ते सप्टेंबर आपल्याकडे घरात ती ८५ च्या खाली क्वचितच येते. आयपीस (डोळा लावायचं भिंग), शोधक (दुर्बिणीवरची छोटी दुर्बीण) आणि लहान भिंगं रबरी कडा असलेल्या हवाबंद प्लास्टिक पेटीत ठेवा, आत स्वस्तातला आर्द्रतामापक टाका आणि काटा ४० ते ५० मध्ये राखा. ३५ च्या खाली नको, फोकसरचं ग्रीस सुकतं.

सिलिका जेल किती? हिशेब करून बघितला तर गंमत कळते. पन्नास लिटरच्या पेटीतल्या दमट हवेत पाणी असतं जेमतेम दीड ग्रॅम, त्यातलं निम्मं शोषायला चमचाभर जेल पुरेल. तरी पुडी टाकून आठ दिवसांत काटा पुन्हा ८० वर जातो. कारण पाणी हवेत नसतंच, ते आतल्या फोममध्ये, मखमलीच्या अस्तरात, चामडी पट्ट्यांत आणि पुठ्ठ्याच्या डब्यांत दडलेलं असतं. म्हणून हे सगळं आधी बाहेर काढा. भिंगं नुसती, झाकणं सैल करून, स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या जाळीवर ठेवा. मग २५० ग्रॅम जेल पुरतं. ते आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं पाणी धरतं.

जेल केशरी घ्या, ओलं झालं की ते हिरवट होतं. निळ्या जातीत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकघराच्या ओव्हनमध्ये नको. जुलैत ऊन नसतं, त्यामुळे गच्चीवर वाळवायचा बेत सोडून द्या. जुन्या स्टीलच्या ताटात एक थर पसरून ओटीजीत ११०-१२० अंशांवर दोन तास. १५० च्या वर गेलं तर रंग जळतो आणि पुढे ओलं-कोरडं ओळखू येत नाही. कोमट असताना बरणीत भरून झाकण लावा, पूर्ण थंड झाल्यावर पेटीत. पंधरवड्याला एकदा केलं तर चार महिन्यांत दहाएक युनिट जातात, ७ किलो कार्बन.

कपाटात १५ वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती तुमच्याकडेही कुणी सांगितली असेल. चालते. पण चोवीस तास, चार महिने म्हणजे ४३ युनिट, ३० किलो. आणि लाकडी कपाटात तापलेल्या बल्बवर काही पडलं तर दुर्बिणीसोबत कपाटही जायचं.

प्रश्न : २ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणाला इजिप्तला जायचा विचार आहे. पर्यावरणाच्या दृष्टीने योग्य की अयोग्य? जुने ग्रहणचष्मे पडून आहेत ते चालतील का? (वाचक, वास्को)

मुंबई-कैरो विमानाने जाऊन-येऊन माणशी पाऊण ते एक टन होईल. मंडळाच्या वरच्या मोटार-सहलीच्या चौपट, आणि तोही एकट्याचा. खग्रास ग्रहण बघू नका असं आम्ही कुणालाच सांगणार नाही, ते दृश्य तसं आहे. पण दर ग्रहणामागे जगभर फिरणं वेगळं. गोव्यात त्या दिवशी दुपारनंतर खंडग्रास आहे, ढगांनी परवानगी दिली तर. त्याऐवजी २१ मे २०३१ ची नोंद करून ठेवा. त्या दिवशी कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा केरळ-तामिळनाडूवरून जातो आणि मडगावहून रात्रभराच्या गाडीने केरळ गाठता येतं. कोकण रेल्वे २०२२ पासून पूर्ण विजेवर धावते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात केरळात वळिवाचे ढग असतात, म्हणून पश्चिम घाट ओलांडून मदुराईच्या बाजूला जागा धरलेली बरी.

चष्म्यांवर आयएसओ १२३१२-२ छापलं आहे का बघा. मग घरातल्या सर्वांत प्रखर दिव्यासमोर धरा: दिवा फार तर अंधुक ठिपका दिसावा, बाकी काळोख. कुठे चमकदार बिंदू, ओरखडा किंवा सुटलेली कड दिसली तर कात्रीने कापून टाका, कुणाला देऊ नका. आपल्या हवेत पुठ्ठ्याचा गोंद सुटतो, त्यामुळे चांगले असतील ते वहीत सपाट ठेवून त्याच हवाबंद पेटीत टाका.

प्रश्न : शाळेच्या पटांगणात लहान वेधशाळा बांधायची आहे. देणगीदार आहे. घुमट की सरकतं छप्पर? पर्यावरणपूरक कसं करावं? (शिक्षिका, वाळपई)

खोलीच बांधू नका, दुर्बीण बसवायला नुसता खांब बांधा.

चार बाय चार मीटरच्या खोलीचा स्लॅब साडेबारा सेंटिमीटर आणि जमीन दहा सेंटिमीटर धरली तर साडेतीन घनमीटर काँक्रीट झालं. घनमीटरला अडीचशे ते तीनशे किलो कार्बन, म्हणजे टनभर, लोखंड वेगळं. शिवाय दिवसभर तापलेला स्लॅब आणि चिऱ्याच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात आणि गुरू-शनी पाण्याखाली असल्यासारखे थरथरतात. जूनपासून चार महिने तिला कुलूप ते वेगळंच.

खांबाला लागतं ते एवढं: ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल पाया, त्यावर ३० सेंटिमीटर व्यासाचा एक मीटर उंच खांब. काँक्रीट ०.२९ घनमीटर, कार्बन ८० किलो. साचा म्हणून सिमेंटचा पाइप उभा करून तोच आत राहू द्यायचा. आत १२ मिलिमीटरच्या चार सळ्या, दर १५ सेंटिमीटरवर ८ मिलिमीटरची कडी. वरच्या पट्टीचे स्टेनलेस बोल्ट प्लायवूडच्या तुकड्यात भोकं पाडून त्यात अडकवूनच काँक्रीटमध्ये बसवा. नुसते हाताने खोचले की सेट होताना कलतात आणि माउंटची पट्टी बसत नाही. दोन आठवडे गोणपाट ओलं ठेवा. भोवती फरशी करणार असाल तर खांब आणि फरशी यांत बोटभर फट सोडा. मुलं चालली की फरशी हादरते, ते हादरे खांबापर्यंत जायला नकोत. पावसाळ्यात बोल्टना ग्रीस लावून वर बादली पालथी घाला.

माउंट घेताना गोव्याचा अक्षांश लक्षात ठेवा. ध्रुवतारा इथे क्षितिजापासून फक्त साडेपंधरा अंश वर असतो. बाहेरच्या देशांसाठी बनलेली काही विषुववृत्तीय माउंट (ध्रुवताऱ्याकडे अक्ष रोखून ताऱ्यांमागे फिरणारी) २० अंशांखाली झुकतच नाहीत, आणि झुकली तरी वजनाचा दांडा खांबावर आपटतो. विकत घेण्यापूर्वी खालची मर्यादा विचारा. खरं तर शाळेला आठ इंची डॉब्सोनियन चाकांच्या पाटावर ठेवून वर्गातून बाहेर आणणं पुरतं, खांबही नको.

देणगीदाराला इमारतच हवी असेल तर सरकतं पत्र्याचं छप्पर घ्या, घुमट नको. छप्पर पश्चिमेकडे सरकू द्या: वाळपईहून किनाऱ्याचा उजेड त्याच बाजूला दिसतो, तो छपराआड जाईल. उत्तरेला सरकवलं तर बुटका ध्रुवतारा झाकला जातो. छपराला चारही कोपऱ्यांत खाली ओढून धरणारे आकडे हवेत. नैर्ऋत्येचं वारं पत्र्याखाली शिरलं की ते उचलतं, आणि रुळावरून उतरलेलं छप्पर पुन्हा बसवायला क्रेन लागते.

प्रश्न : ग्रहांचे व्हिडिओ साठवून चार टेराबाइटची डिस्क भरली. दुसरी घेऊ का क्लाउडवर टाकू? (महाविद्यालयीन विद्यार्थी, ताळगाव)

दोन्ही नको. ६४० बाय ४८० ची आठ-बिट फ्रेम म्हणजे ३,०७,२०० बाइट. सेकंदाला १०० फ्रेम, तीन मिनिटं: साडेपाच गिगाबाइट. त्यात गुरू रुंदीला व्यापतो तीनेकशे पिक्सेल, बाकी काळं आभाळ. टिपतानाच ३२० बाय ३२० ची चौकट निवडली तर एक तृतीयांश उरतं. स्टॅक करताना (फ्रेम एकावर एक रचून एक स्पष्ट चित्र काढताना) तुम्ही उत्तम दहा टक्के फ्रेमच घेता, तेवढ्याच वेगळ्या काढून ठेवा: १८० मेगाबाइट. बाकीच्या उडवा, त्यांच्याकडे तुम्ही परत कधीच वळणार नाही. कच्च्या फाइल ठेवाव्यात त्या दोनच वेळी: ग्रहावर काही आपटल्याचा संशय असेल तेव्हा आणि पिधानाच्या (चंद्र किंवा लघुग्रहाआड तारा झाकला जाण्याच्या) वेळी, कारण तिथे प्रत्येक फ्रेमची वेळ हाच पुरावा.

प्रक्रियेच्या विजेची चिंता करू नका. तीनशे वॅटचा संगणक आठ तास चालला तरी पावणेदोन किलो. पुढे सिम्युलेशन करायला लागलात की मग पायथनमध्ये नुसत्या लूपवर लूप लिहू नका. नंपाय किंवा नंबा (पायथनचा हिशेब वेगवान करणारी तयार साधनं) वापरला तर तेच काम कितीतरी कमी वेळात आणि कमी विजेत होतं. पावसाळ्यात आभाळ बंद असताना ‘गाया’ या ताऱ्यांची मोजणी करणाऱ्या युरोपियन यानाची विदा मोफत उतरवून घेता येते. ते यान २०१३ मध्ये अवकाशात सोडलं, त्याचा कार्बन खर्च होऊन गेलेला आहे. आता जितकी डोकी ती विदा वापरतील तितका तो सत्कारणी.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात. पंचायतीने गेल्या वर्षी रस्त्याला पांढरे एलईडी लावले, वीज वाचते म्हणून. आकाशप्रेमी म्हणतात तारे गेले, कासवांवर काम करणारे म्हणतात पिल्लं उलट्या दिशेने जातात. दोघांचं समाधान होईल असं काही आहे? (पंच, पेडणे तालुका)

आहे, आणि तुमच्या वीजबिलाचंही होईल. यंदाच्या पत्रांत सर्वांत जास्त कार्बन तुमच्याच हातात आहे.

चाळीस खांबांवर ९० वॅटचे दिवे असतील आणि त्यातला बराच उजेड माडांवर, दर्यावर आणि आभाळात जात असेल, तर नीट झाकलेल्या आणि खाली बघणाऱ्या ४५ वॅटच्या दिव्याने रस्त्यावर तेवढाच उजेड मिळतो. रोज ११ तासांच्या हिशेबाने वर्षाला ७,२२७ युनिट वाचतील, पाच टन कार्बन. वर पणजीच्या मंडळाची दहा मोटारींची सहल आली, तशा बावीस सहली.

पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा मोठा उंचवटा असतो. हवेत प्रकाश विखुरतो तो तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे हा निळा जुन्या सोडियम दिव्याच्या पिवळ्यापेक्षा जवळजवळ तिप्पट विखुरतो. वीज वाचली, पण आभाळ उजळलं. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०११ ते २०२२ या काळात आकाश वर्षाला सुमारे १० टक्क्यांनी उजळत गेलं, त्यात या दिव्यांचा मोठा हात मानला जातो. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं रात्री वाळूतून वर येतात आणि सर्वांत उजळ क्षितिजाकडे धावतात. एरवी ते क्षितिज समुद्राचं असतं. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे विणीचा हंगाम आणि पर्यटनाचा हंगाम एकच, हीच अडचण.

काम असं करा. अमावास्येच्या आसपास दोन माणसं भरतीरेषेवर उभी राहून किनाऱ्याच्या बाजूला बघू देत. जिथून दिव्याचा बल्बच दिसतो तो खांब क्रमांकासह वहीत लिहायचा. बल्ब तुम्हाला दिसतो तर वाळूवरच्या पिल्लालाही दिसतो. उजेड पडलेला रस्ता दिसला तर एवढं वाईट नाही. साधारण निम्मे दिवे फक्त वाकडे असतात: दांडा वर उचललेला, दिवा समोर बघणारा. तो आडवा करायला पाना आणि शिडी लागते, पैसे नाहीत. उरलेल्यांना दर्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा. तो दिव्यामागच्या उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना झाकत नाही ना हे बघा, नाहीतर उष्णता कोंडून दिवा वर्षभरात जातो. खाऱ्या हवेत साधा पत्रा दोन पावसाळ्यांत गळून पडतो, ॲल्युमिनियमचाच घ्या. पिवळा प्लास्टिक कागद चिकटवण्याची आयडिया कुणीतरी ग्रामसभेत काढणारच. तो उन्हाने पापडासारखा होऊन सुटतो.

गावातल्या रस्त्यांना २७०० केल्विनचे (पिवळसर उजेडाचे) दिवे ठीक. किनाऱ्याला लागून असलेल्या पहिल्या रांगेला तेही नकोत, कारण त्यांतही निळा थोडा उरतो. तिथे ५६० नॅनोमीटरच्या वरचाच उजेड देणारे अंबर एलईडी मागवा, खांब शक्य तितके बुटके. शॅकवाल्यांचे दर्याकडे तोंड केलेले फोकस हा वेगळा विषय, त्यांना टायमर आणि दिशा दोन्ही लागतील. अंधारात भीती वाटते ही तक्रार येईल आणि ती खोटी नाही. पण डोळ्यावर येणाऱ्या झगमगाटामागे उभा माणूस दिसत नाही, झाकलेल्या दिव्याखाली दिसतो. एक खांब बदलून लोकांना तिथे उभं करून दाखवा, कागदावर पटत नाही.

स्ट्रीटलाइटचं काम वीज खात्याकडून होतं, म्हणून खांबांची यादी, नकाशा आणि प्रत्येक खांबापुढे ‘आडवा करा’, ‘आडोसा’ किंवा ‘अंबर’ यांतला एक शब्द असा तक्ता जोडून द्या. ठराव जुलैच्या ग्रामसभेत घ्या. पाऊस ओसरल्यावर महिनाभर शिडी चालली तर नोव्हेंबरात पहिली मादी येण्याआधी काम उरकतं.